हद्दीचा दगड डिकीत घालून

पुण्यातली एक समिती साम्राज्यांवर प्रदर्शन भरवणार आहे. समितीत सात जण आहेत. त्यांपैकी पाच एकाच सोसायटीत राहतात आणि तिथल्या पार्किंगवरून गेली काही वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. प्रदर्शनाचा विषय असा : जुन्या वस्तूंवरून देश कसे पसरत गेले हे समजून घेणे. एक दालन जमिनीवरून पश्चिमेकडे सरकत गेलेल्यांचं, दुसरं जहाजात बसून समुद्रापार गेलेल्यांचं. वस्तूंखालच्या पाट्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. वर्तमानपत्रात मी आयुष्यभर मथळे बसवले, त्यामुळे थोड्या जागेत मोठ्या चुका करणं मला जमतं, हे समितीला माहीत होतं.

बहुतेक वस्तू जमल्या होत्या. एका सदस्याच्या मुलीने अमेरिकेतून जमीन मोजायची जुनी साखळी पाठवली होती, सहासष्ट फुटी. या साखळीने चौकोन पाडत पाडत तो देश पश्चिमेच्या समुद्रापर्यंत गेला. समुद्र लागल्यावर साखळी गुंडाळून ठेवली आणि जहाजं बाहेर काढली. आपल्याकडे इंग्रज आले ते याच्या निम्म्या लांबीची, तेहतीस फुटी साखळी घेऊन. दख्खनमध्ये नव्या पद्धतीची मोजणी त्यांनी सुरू केली ती इंदापूर तालुक्यात. म्हणून तिथला एखादा हद्दीचा दगड आणावा, असा समितीचा ठराव झाला. दगड देणगी म्हणून घ्यावा, देणगीपत्रावर सही घ्यावी, फोटो काढताना मागे काहीही येऊ देऊ नये, असे तीन पोटठरावही झाले. देणाऱ्याचा तो आहे का, हे तपासावं असा ठराव झाला नाही. वेळ कमी पडला असावा.

मंगळवार, लोणी भापकर

सासवड, जेजुरी, मोरगाव असा रस्ता धरला. थंडीचे दिवस, साखर कारखान्यांचा हंगाम. उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर पुढे असला की मागच्या माणसाला आपलं सगळं आयुष्य एकदा तपासून पाहण्याइतका वेळ मिळतो. मी माझं दोनदा तपासलं.

लोणी भापकरला वाट वाकडी करून गेले. तिथे मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ आहे, पायऱ्यापायऱ्यांची पुष्करणी आहे आणि यज्ञवराहाची दगडी मूर्ती आहे. अंगभर कोरीवकाम, चार पाय रोवून उभा. पृथ्वी बुडाली होती म्हणून वराहाने ती वर आणली आणि परत जागेवर ठेवली, अशी कथा आहे. पुढच्या सगळ्या साम्राज्यांनी कारण हेच सांगितलं. जागेवर ठेवण्याचा भाग तेवढा गाळला.

पुष्करणीच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ उन्हाला बसले होते.

"कुठनं आला?"

"पुण्याहून."

"बघाय आला का न्यायला?"

"बघायला."

"मग बसा," असं म्हणून त्यांनी आपली पिशवी सरकवली आणि मला जागा करून दिली.

मुक्काम बारामतीत केला. रस्ते रुंद, दुभाजकावरची झाडं ओळीत, फुटपाथवर चालायला जागा. पुण्याच्या माणसाला हे थोडं अंगावर येतं. फुटपाथवर जागा असेल तर तिथे नेमकं काय मांडायचं, हा विचार मनात आधी येतो.

बुधवार सकाळ, भवानीनगरच्या पुढे

भवानीनगर ओलांडून काही किलोमीटरवर ते गाव आहे. नाव देत नाही. तिथल्या माणसांना रोज एकमेकांच्या बांधावरून जावं लागतं. समितीतल्या एकांच्या ओळखीने मी संपतरावांकडे गेले. वय पंचावन्नच्या आसपास, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं मऊ.

"म्याडम, इतिहास म्हंजी आपला जीव का प्राण," ते म्हणाले. "तुमाला दगड पायजे न्हवं? चला. घेऊनच जावा."

शेताची मांडणी सांगणं भाग आहे, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. पश्चिमेला कालव्याची चारी, म्हणजे पाण्याचा लहानसा सिमेंटचा पाट. पूर्वेला संपतरावांचं शेत. या दोहोंच्या मध्ये पाणंद, म्हणजे मागच्या शेतांना जायची वाट. ही वाट पूर्वी बैलगाडीची होती, असं संपतरावांनीच सांगितलं. आता तिच्यावरून मोटारसायकल जाते, तीही दोन्ही पाय उचलून घेतले तर.

"एवढी बारीक कशी झाली?"

"काय सांगावं. पाऊसपान्यानं झिजती."

पावसाने ती एकाच बाजूने झिजवली होती, आणि झिजलेल्या भागात सरळ रेषेत सऱ्या पाडून ऊस लावला होता. याला इकडे बांध कोरणं म्हणतात. दर नांगरटीला वीतभर. नांगर वळवताना हात थोडा सैल सोडायचा, एवढंच तंत्र आहे. सैन्य लागत नाही. आमच्या पुण्यात हे काम चपलांच्या स्टँडवर चालतं. आधी दाराबाहेर दोन चपला, मग स्टँड, मग स्टँडवर तुळशीची कुंडी. कुंडी आली की जिना कोणाचा, हा प्रश्न संपतो.

संपतरावांचा विस्तारही पश्चिमेकडेच होता. तो चारीपाशी थांबला असावा असं वाटत होतं, तेवढ्यात चारीच्या पलीकडे, सरकारी पट्टीत, चार नारळ दिसले. गोल आळी केलेले, बुंध्यांना गेरू लावलेले.

"ते कुणाचे?"

"आमचेच. तिकडं मोकळंच पडल्यालं हुतं."

समुद्रापारच्या दालनाची चिंता तिथेच मिटली.

संपतरावांच्या शेताचा पाणंदीकडचा पट्टा नुकताच तुटला होता. जमिनीवर पाचटाचा, म्हणजे उसाच्या वाळक्या पाल्याचा, थर होता, आणि वाटेपासून चार पावलं आत, उसाच्या बुडख्यांमध्ये, गुडघ्याएवढा एक काळा दगड उभा होता. डोक्यावर छिन्नीने कोरलेली फुली. देखणा नमुना. मी वाकून फुलीवरून बोट फिरवलं.

"हा शेताच्या मध्ये कसा?"

"इंग्रजाची मर्जी," संपतराव म्हणाले.

बातमीदाराने इथे पुढचा प्रश्न विचारायला हवा. मी मनात पाटीचा मजकूर जुळवत होते. समितीच्या सूचनेप्रमाणे दगडाचे अगदी जवळून सहा फोटो काढले. सहांमध्ये मिळून दगड आणि माती यांशिवाय काहीही नाही, ना वाट, ना चारी, ना विजेचा खांब.

दोन गड्यांनी पहारी लावून दगड उपटला. तेव्हा पाणंदीत एक बाई येऊन उभ्या राहिल्या. कमरेला खोचलेला पदर, हातात कोयता, पन्नाशीच्या आतबाहेर.

"घेऊन चालल्या व्हय?"

"हो, पुण्याला. प्रदर्शनात ठेवणार आहोत."

"कायमचा?"

"कायमचा."

"बरं," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या. मी वहीत लिहिलं : गावकऱ्यांचा पाठिंबा आहे.

दगड डिकीत गेला, गाडी मागून खाली बसली. संपतरावांनी देणगीपत्रावर सही केली, गुळाचा चहा पाजला आणि शाल-नारळ देऊन माझा सत्कार केला. नारळ कुठला, हे मी विचारलं नाही. निघताना त्यांचा ट्रॅक्टर माती भुसभुशीत करणारा रोटर लावून त्याच पट्ट्यात शिरताना दिसला. दगडाचा खड्डा, पाचट, बुडखे, सगळं एका फेऱ्यात सपाट. किती कामसू माणूस आहे, असं मला वाटलं.

बुधवार दुपार, वालचंदनगर

वालचंदनगर पाहायचं होतं. एका कंपनीभोवती आखून वसवलेलं गाव. क्वार्टर्स ओळीत, झाडं ओळीत, कुंपणं मापात. बांध कोरायला जागाच न ठेवलेली वस्ती महाराष्ट्रात कशी दिसते, याचं कुतूहल होतं. ते पुरतं भागलं नाही, कारण शिरता शिरता मागचं चाक बसलं. स्टेपनी डिकीच्या तळाशी होती, आणि डिकीत इंग्रजांचा दगड.

पंक्चरवाल्याने आणि त्याच्या गिऱ्हाइकाने मिळून दगड खाली उतरवला. पंक्चरवाल्याने तो पायाने उलटा केला, फुली पाहिली आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला.

"बाई, ह्यो कुठनं उपटला?"

"एका शेतकऱ्याने दिला. प्रदर्शनासाठी."

"त्याचा हुता का?"

"त्याच्या शेतात होता."

"हद्दीचा दगड कुनाच्या शेतात नसतोय, बाई. दोगांच्या मधी असतोय. तुमाला शेतात दिसला म्हंजी दगड हाय तितंच हाय, शेत म्होरं गेलंय."

चाक फिरवायचं थांबवून गिऱ्हाईक म्हणालं, "आन हलवला तर केस हुती. ह्याच्या चुलत्यावर झाल्ती."

"मग काय झालं?" मी विचारलं.

"चुलतं वारलं," पंक्चरवाला म्हणाला. "केस चालू हाय."

मी समितीच्या समन्वयकबाईंना फोन लावला आणि प्रकार सांगितला. त्या शांतपणे ऐकत होत्या.

"देणगीपत्रावर सही आहे ना?"

"आहे."

"मग आपली बाजू कायदेशीर आहे."

त्या प्रदर्शनाला याहून नेमकी प्रस्तावना लिहिता आली नसती. मी स्टेपनी बसवून घेतली, दगड पुन्हा डिकीत चढवला आणि गाडी उलटी वळवली.

बुधवार संध्याकाळ, वस्तीवर

कोयता घेऊन उभ्या असलेल्या बाईंचं घर विचारत गेले. पाणंद जिथे संपते तिथली शेवटची वस्ती. त्यांचं नाव कुसुमताई. नवरा बारामतीला कंपनीत पाळीवर जातो. शेत त्याच पाहतात. गाडी रस्त्यावरच सोडून पाणंदीतून पायी जावं लागलं. वाट किती रुंद आहे हे गाडीतून उतरल्यावर नीट कळतं.

"आला व्हय?" त्या दारातच म्हणाल्या. "का आता जातं पायजे?"

मी दगड परत आणल्याचं सांगितलं. त्यांनी आत बोलावलं आणि हकिकत सांगितली, आवाज न चढवता. त्यांचा ऊस तोडणीला आला आहे. कारखान्याची तोडणीची टोळी परवा, शुक्रवारी, त्यांच्या फडात येणार. तुटलेला ऊस लगोलग न्यावा लागतो, पडून राहिला की वाळतो. ट्रॅक्टर-ट्रॉली पाणंदीतून येऊ शकत नाही. संपतरावांचा पट्टा मोकळा झाला होता, त्यातून ट्रॉली नेता आली असती, आणि संपतराव तयारही होते. फक्त एक कागद हवा होता : मी संपतरावांच्या जमिनीतून त्यांच्या परवानगीने जाते.

"मग लिहून का नाही दिलं? ऊस तरी गेला असता."

कुसुमताईंनी चुलीत लाकूड सारलं.

"एकदा लिवलं का वाट त्याची झाली. मग माझ्या लेकीनं बी इचारून जायाचं, तिच्या लेकीनं बी. कागूद एक साल टिकतोय का?"

टिकत नाही. प्रदर्शनातलं आमचं एक अख्खं कपाट अशाच कागदांनी भरलेलं आहे. त्यांना आम्ही तह म्हटलं आहे.

म्हणून त्यांनी सरकारी मोजणीचा अर्ज केला होता. बऱ्याच हेलपाट्यांनंतर तारीख मिळाली ती उद्याची, गुरुवारची. मोजणीत दाखवायला त्यांच्याकडे साक्षीदार एकच होता, आणि त्याला डिकीत घालून मी सकाळी शाल पांघरून घेतली होती.

"दगड आहे ना आता," मी म्हटलं. "जिथे होता तिथे पुन्हा बसवू."

"तितं म्हंजी कुठं? त्यानं रोटर मारला. तुमी म्हननार हितं, त्यो म्हननार तितं. फोटू हायत न्हवं तुमच्याकडं? दावा."

मी फोन पुढे केला. कुसुमताईंनी सहाही फोटो बोटाने सरकवत पाहिले.

"माती हाय," त्या म्हणाल्या. "गाव कुठं हाय ह्याच्यात?"

मग त्यांनी ताट वाढलं. हुलग्याचे शेंगोळे होते, लसणाची सणसणीत फोडणी दिलेले. रस्सा वाढताना म्हणाल्या, "खावा. दगडाचं हात धुतलं न्हवं?" त्या जेवणासारखं जेवण मी अलीकडे जेवलेली नाही, आणि तितक्या मुकाट्यानेही.

जेवण झाल्यावर त्या मला शेजारच्या गोठ्यात घेऊन गेल्या. तिथे गणपत आबा म्हशीला वैरण टाकत होते. वय ऐंशीच्या पुढे. तरुणपणी मोजणी खात्यात साखळी ओढायला होते.

"आबा, ह्याच त्या बाई," कुसुमताईंनी ओळख करून दिली. "दगडवाल्या."

"नेला तर नेला," आबा मला म्हणाले. "परत कशाला आणला? पेट्रोल वर आलंय?"

उत्तर द्यायच्या आधी माझं लक्ष म्हशीकडे गेलं. तिच्या गळ्यापासून खुंट्यापर्यंत लांब कड्यांची लोखंडी साखळी होती, मधूनमधून पितळी बिल्ले लटकवलेली, उरलेली गुंडाळून खुंट्याशी ढीग केलेली. म्हशीने मान हलवली की बिल्ले वाजत. असली साखळी पुण्यात आम्ही काचेच्या पेटीत ठेवली आहे, हातमोजे घालून.

"ही मोजणीची साखळी?"

"तर काय मंगळसूत्र हाय? तेहतीस फुटी. सोळा भाग तिचे, त्यास्नी आणे म्हनायचं. येक साखळी लांब, येक साखळी रुंद, का झाला गुंठा. इंग्रज गेला, गुंठा ऱ्हायला. खात्यानं फितीच्या टेपा आनल्या तवा ही भंगारात काढली. म्या मागून घेतली. ही तिच्यावरची तिसरी म्हस."

मी खड्ड्याचं, रोटरचं, फोटोंचं सांगितलं. आबा ऐकता ऐकता हसायला लागले.

"दगड चोरीला जानार ह्ये मोजनाऱ्याला ठावंच असतंय की. म्हनून तर दगडाखाली कोळसा पुरत्यात. बाभळीचा, मुठीमुठीचा. दगड लोकांसाटी, कोळसा आमच्यासाटी. कोळसा कुजत न्हाय, आन कोळसा म्युझममधी न्ह्यायला कुनी येत न्हाय."

"पण तो कुठे आहे हे कसं कळणार?"

"शिवंवरच्या दगडापासनं साडेतीन साखळ्या. मागच्या मोजनीला म्याच वडली हुती." त्यांनी म्हशीच्या पाठीवर थाप मारली. "सकाळी सोडतो हिला."

गुरुवार, मोजणी

भूकरमापक साहेब दहाला आले. तरुण, टोपी घातलेले, बरोबर काठीवर बसवलेलं उपग्रहावरून जागा सांगणारं यंत्र. त्यांनी परिस्थिती स्वच्छ सांगितली. जुना नकाशा जमिनीवर बसवायला दोन जुन्या खुणा लागतात. एक गावच्या शिवेवर आहे. दुसरी शेतात होती असं जुन्या मोजणीच्या टिपणात आहे. ती सापडली तर हद्द आज दाखवता येईल. नाही सापडली तर अर्ज परत जाईल, पुढची तारीख पडेल.

"पुढची म्हंजी कवाची?" कुसुमताईंनी विचारलं.

साहेबांनी टोपी काढली, पुन्हा घातली. तेच उत्तर होतं. टोळी उद्या येणार होती.

संपतराव आले तेव्हा माझ्या गाडीची डिकी उघडी होती.

"आँ? म्याडम, ह्ये माघारी कसं?"

"दगड परत आणला."

"दिल्याली वस्तू माघारी आनत न्हाईत. अपमान वाटतो मानसाला," ते म्हणाले आणि गड्याला सगळ्यांसाठी चहा आणायला धाडलं. काही बिघडलं की आधी चहा सांगायचा, ही पद्धत पुण्याला बसवायला अवघड जाईल.

आबा खांद्यावर साखळी घेऊन आले, बिल्ले वाजवत.

"आबा, साखळी आता कोणी वापरत नाही," साहेब म्हणाले.

"तुजं यंत्र वापर की मग. कोळसा कुठं पुरलाय सांगतंय का त्ये?"

यंत्राला ते सांगता येत नव्हतं. साहेबांनी हात जोडून वाट मोकळी केली. आबांनी शिवेच्या दगडाला साखळीचं एक टोक लावून माझ्या हातात दिलं आणि स्वतः दुसरं घेऊन रोटर मारलेल्या रानातून सरळ निघाले. एक साखळी, दोन, तीन. मी वाकून टोक धरत मागे जात होते. साम्राज्याची साखळी ओढायला माणसं कुठून मिळत असतील, हा प्रश्न पाटीत घालण्यासारखा होता. उत्तरही आता माहीत झालं होतं. याच वेळी साखळीवाचून मोकळी झालेली म्हैस संपतरावांच्या उभ्या उसात शिरली. दोन गडी तिच्या मागे धावले. ती अर्धी सरी खाऊनच निघाली.

साडेतीन साखळ्यांवर आबांनी टाच रोवली. पहार पडली. माती, खडक, माती. हातभर खोल गेलं तरी काही नाही.

संपतराव चहा ओतत म्हणाले, "आबा, वय झालं तुमचं. बसा, च्या घ्या."

कुसुमताई खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या. त्यांनी चहा घेतला नाही. कप हातात घेऊन तसाच जमिनीवर ठेवला.

आबा साखळीची कडी बोटांनी चाचपत होते. मग म्हणाले, "तीन म्हशींनी वडलीया. ताणलीया ही. साखळीला चार बोटं." त्यांनी मनात हिशेब केला. "चौदा बोटं मागं घ्या."

चौदा बोटं मागे पहार मारली, ती पोकळ मातीत सरकन आत गेली. कालचा खड्डा. दीड हातावर पहारीचं टोक काळं होऊन आलं. आबा गुडघ्यावर बसले, हात घालून एक मूठ बाहेर काढली आणि उघडली. कोळसे. वजनाला हलके, कडा अजून शाबूत.

"पाचट जाळल्याला कोळसा असंल," संपतराव म्हणाले.

"पाचटाचा कोळसा कवापासनं दीड हात खाली जाया लागला, संपत? आन ह्यो बाभळीचा हाय. बघ की, वास घे."

संपतरावांनी वास घेतला नाही. साहेबांनी खड्ड्यात यंत्राची काठी टेकवली, पडद्यावर बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. नकाशा बसला. मग त्यांच्या माणसाने पांढरी फक्की घेऊन शिवेच्या दगडापासून रेघ ओढली. ती रोटर मारलेल्या रानातून सरळ गेली, वाटेपासून चार पावलं आत. रेघेपासून चारीपर्यंतची जागा पाणंद ठरली. ट्रॉली जाऊन बाजूने माणूसही चालू शकेल एवढी.

"ह्ये आमच्या वडलांनी केल्यालं असंल," संपतराव म्हणाले. "मला काय ठावं."

यात खोटं नसावं. चारपैकी दोन पावलं वडिलांची असतील. राजे गादीवर बसताना नेहमी हेच सांगतात.

"ने कुसुम, यंदा ने ऊस. पुढल्या साली बघू," ते पुढे म्हणाले.

"यंदाची मेहेरबानी नको, भावजी. फक्की दिसती न्हवं? तिच्या तिकडं तुमचं, हिकडं समद्यांचं." त्या एवढंच बोलल्या आणि मघाशी जमिनीवर ठेवलेला कप उचलून गार चहा एका घोटात प्यायल्या.

मी बाजूला जाऊन समन्वयकबाईंना फोन केला. दगड येणार नाही, तो कामावर आहे, असं सांगितलं.

"साखळी तरी मिळेल का? ती म्हशीची?"

"म्हैस वापरते आहे."

"मग दगडाची प्रतिकृती करू," त्या म्हणाल्या. "थर्माकोलची. तशी ती हलवायलाही सोपी."

परत आले तेव्हा दगड खड्ड्यात उतरवायची तयारी चालू होती. आबांनी कोळसे पुन्हा तळाशी मांडले, वर मातीचा थर दिला. दोन गड्यांनी दगड उभा धरला. कुसुमताई पुढे झाल्या.

"आबा, जरासा तिकडं घ्या की. वीतभर."

तिकडे म्हणजे पूर्वेला. संपतरावांकडे.

आबांनी वर पाहिलं. "कुसुम, कोळसा हितं हाय."

"कोळसा ऱ्हाऊ द्या हितंच," त्या म्हणाल्या. "दगड तेवढा सरकवा."

पहिल्यांदा हसले ते संपतराव. दोन दिवसांत त्यांना मनापासून हसताना मी तेव्हाच पाहिलं. समोर कोण उभं आहे ते त्यांना अखेर ओळखू आलं होतं. आबांनी दगड कोळशावरच बसवला, माती लोटली आणि पायाने दाबली. साहेबांनी पंचनाम्यावर सगळ्यांच्या सह्या घेतल्या. साक्षीदार म्हणून माझीही घेतली. दगड उपटला तेव्हा हजर, बसवला तेव्हाही हजर, असा माणूस सहसा मिळत नाही.

शुक्रवार, पाणंद

टोळी उजाडताच फडात शिरली. दुपारी पहिली ट्रॉली भरली आणि ट्रॅक्टर पाणंदीत आला. कुसुमताई ड्रायव्हरच्या पुढे उलट्या चालत हाताने खुणा करत होत्या.

"घे, घे. अजून हिकडं. ये बिनधास्त."

ड्रायव्हर त्यांच्या हाताकडे पाहत चाक वळवत होता. पूर्वेकडचं चाक फक्कीच्या रेघेवर चढलं, रेघेपलीकडे गेलं आणि संपतरावांच्या भुसभुशीत रानात वीतभर खोल चाकोरी पाडत रस्त्यापर्यंत आलं. मागून येणाऱ्या ट्रॉलीने त्याच चाकोरीत चाक घातलं.

चारीच्या बाजूला तेव्हा चांगली दोन हात जागा मोकळी होती.